भीती पॉझिटिव्ह

त्या शनिवारी दुपारी मी एका इंग्रजी शब्दाचा अर्थ सांगितला, आणि त्या अर्थाने जनाला संघाबाहेर काढले.

पोशीरच्या देवळासमोर टेंपो उभा होता. मुलींच्या कबड्डी संघाला लोधिवलीला अंतिम सामन्यासाठी जायचे होते. मी या संघाचा व्यवस्थापक. हे पद ऐकायला मोठे वाटते. नेरळच्या एका शिकवणीत मी इंग्रजी शिकवतो, म्हणून प्रवेश-अर्ज मी भरतो, आधार कार्डांच्या प्रती मी सांभाळतो, आणि सामना चालू असताना पाण्याच्या बाटल्यांच्या पिशवीशेजारी बसतो. मला गर्दीत बोलता येत नाही. चार माणसे एकदम माझ्याकडे पाहू लागली की ओठांपर्यंत आलेले वाक्य, पाहुणे पाहून मूल आत पळावे, तसे घशात परत जाते. कागद मात्र मला भीत नाहीत, आणि मीही त्यांना भीत नाही. असे तोवर मला वाटत होते.

संघाचे प्रशिक्षक भिवाजीमामा यांनी शर्टाच्या खिशातून घडी केलेला एक कागद काढला. तो चौकच्या डॉक्टरीणबाईंचा होता. दोन महिन्यांपूर्वी एका सामन्यात जनाचा डावा खांदा निखळला होता. जना डोंगरालगतच्या ठाकरवाडीतली, वीस वर्षांची, आमच्या संघाचा डावा कोपरा. चढाई करणाऱ्या मुलीचा घोटा ती असा धरायची, की पुढच्या मुलीला आपण थांबलो आहोत हे आधी कळायचे आणि कोणी थांबवले हे नंतर. दोन महिने तिने रबराची पट्टी ओढून व्यायाम केला होता. गुरुवारी बाईंनी तिला शेवटचे तपासले होते. आजच्या सामन्याला जिल्ह्याची निवड समिती येणार होती, आणि जना खेळणार की नाही, हे त्या कागदावर ठरणार होते.

"वाच रं साईराज," मामा म्हणाले. "मोठ्यानं वाच. सगळ्यांना कळू दे."

सगळ्यांना. मी कागद उघडला. अक्षर डॉक्टरी असले तरी लागत होते. पहिल्या ओळीत लिहिले होते, की खांद्यातली ताकद चांगली आहे. आणि पुढे, अ‍ॅप्रिहेन्शन टेस्ट : पॉझिटिव्ह.

"ताकद चांगली आहे," मी म्हणालो. "आणि... भीतीची चाचणी. ती पॉझिटिव्ह आहे."

नंदाने ते लगेच पकडले. नंदा ही राखीव कोपरा.

"भीती पॉझिटिव्ह? अगं जने, तुला भीतीचा कोरोना झाला गं!"

हशा असा उठला की देवळाच्या कळसावरची कबुतरेसुद्धा उडाली. चढाई करणारी प्रिया तर टेंपोच्या फळीला धरून वाकली. "आता हिला चौदा दिवस घरात कोंडा!" हर्षद हा टेंपोचा चालक, त्याने स्टिअरिंगवर थाप मारून विचारले, "मामा, मास्क लावून आनू काय हिला?"

कागदावर दुसरी ओळ होती. मी ती पाहिली होती. पट्टी बांधून खेळू शकते, हात खांद्याच्या वर जाऊ नये, साखळी, म्हणजे शेजारणीचा हात धरून केलेला बचाव, नको. ती ओळ माझ्या जिभेवर होती. पण हशा थांबेपर्यंत ती तिथे टिकली नाही. आणि हशा थांबला, तेव्हा मामांचा चेहरा आधीच मिटला होता.

"भ्यालेला गडी कोपऱ्यात नको," ते म्हणाले. "बाकी कुठं चालंल. कोपऱ्यात नाय. कोपरा भ्याला का सातही जनी भ्याल्या. नंदे, तू खेळशील."

मी कागदाची घडी केली. आयुष्यात माझ्याकडून झालेल्या बहुतेक चुका अशाच आहेत. मी काही वाईट केलेले नसते. फक्त एक ओळ आत राहून गेलेली असते.

जना टेंपोत सगळ्यांच्या आधी चढली आणि मागच्या फळीजवळ बसली.

टेंपो नेरळ ओलांडून कर्जतच्या दिशेने निघाला. दोन्ही बाजूंना भात कापून झालेली खाचरे, आणि त्यांत वालाचा हिरवा पसारा. मुली गात होत्या. मी दुसरी ओळ पुन्हा पुन्हा वाचत होतो आणि मनात वाक्य जुळवत होतो : मामा, अजून एक ओळ आहे. पाचच शब्द. पण त्या पाच शब्दांनी काय होणार होते? मामांनी जनाला खांद्यासाठी थोडेच काढले होते? त्यांनी तिला त्या एका शब्दासाठी काढले होते, आणि तो शब्द मी दिला होता.

मग मी ते केले जे देवळासमोर करायला हवे होते. मोबाइलमधला शब्दकोश उघडला.

अ‍ॅप्रिहेन्शन. एक : धास्ती, पुढे वाईट घडेल अशी भीती. दोन : आकलन, समज. तीन : अटक, पकडणे.

मी ते तीनदा वाचले. माझ्या छातीत काहीतरी असे उडाले, की शेजारी बसलेल्या कर्णधार नम्रताने माझ्याकडे पाहिले. एकाच शब्दाच्या पोटात भीती होती, समज होती, आणि पकड होती! पकड, जनाचा आख्खा खेळ. आणि आपल्याकडेही नाही का म्हणत, अमक्याची विषयावर पकड आहे? हाताने धरणे आणि मनाने धरणे आपल्या भाषेने एकाच शब्दात ठेवले. त्या परक्या भाषेने एक पाऊल पुढे जाऊन भीतीलाही त्याच घरात घेतले होते. का घेतले असेल? मला ते कोणाला तरी सांगायचे होते. इतके सांगायचे होते, की मी खरोखरच बोललो.

"नम्रता, त्या शब्दाचे तीन अर्थ आहेत. भीती, समज आणि अटक."

"अटक?" पलीकडून प्रिया ओरडली. "मामा, जनीला अटक होनार!"

"आधी हर्षदला करा," नंदा म्हणाली. "लायसन संपलंय त्याचं."

पुन्हा हशा. मी उठलो, आणि हलत्या टेंपोत दांड्यांना धरत धरत मागच्या फळीपर्यंत गेलो. जना रस्ता मागे पळताना पाहत होती.

"जना," मी म्हणालो, "मी अर्धेच वाचले. खाली लिहिले आहे की तू खेळू शकतेस. पट्टी बांधून."

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "बाईंनी मला तोंडानं सांगितलं व्हतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू का नाय बोललास, दादा?"

टेंपो खड्ड्यात आदळला. तिचा उजवा हात आपोआप डाव्या दंडावर गेला आणि तिथे राहिला.

"आनी जे वाचलंस ते काय खोटं हाय?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, हेच मला अधिक लागले. "हात असा वर मागं नेला ना, का मला भ्या वाटतं. मी बाईंना सांगितलंच तसं. मंग आता मामांना म्हनू काय, का नाय भीत म्हनून? मला खेळायचं हाय. पन खोटं सांगून नाय."

चौकच्या नाक्यावर हर्षदने टेंपो थांबवला. "दहा मिन्टं! वडापाव खाऊन घ्या, परत कोनासाठी थांबनार नाय." समोर दुपारच्या उन्हात इरशाळगडाचे सुळके उभे होते. डॉक्टरीणबाईंचा दवाखाना गॅरेजांच्या रांगेमागे आहे, हे मला माहीत होते. मी उतरलो, दोन पावले चाललो, आणि मग पळू लागलो.

दवाखान्याचे शटर अर्धे खाली होते. मी वाकून आत गेलो. बाई टेबलावर डबा उघडून जेवत होत्या.

"दवाखाना पाचला उघडतो," त्या म्हणाल्या.

"माझे काही दुखत नाही. मला एक शब्द विचारायचा आहे."

असे म्हणत आत शिरलेला मनुष्य त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिला असावा. त्यांनी डब्याचे झाकण लावले. मी कागद पुढे केला, आणि देवळासमोर जे घडले ते धापा टाकत सांगून टाकले. अनोळखी माणसासमोर मी इतकी वाक्ये सलग कधी बोललो नव्हतो.

बाई आधी हसल्या, आणि मग गंभीर झाल्या. "भीती पॉझिटिव्ह! अहो, ही काय धैर्याची परीक्षा आहे का? बसा इथे. शर्टाची वरची गुंडी सोडा."

त्यांनी माझा डावा हात कोपरात वाकवला, खांद्याच्या रेषेत बाजूला उचलला आणि सावकाश मागे नेला; चेंडू फेकण्याआधी हात जातो तसा.

"काही वाटते?"

"नाही."

"अजून मागे?"

"थोडे ताणल्यासारखे. बाकी काही नाही."

"तुमची चाचणी निगेटिव्ह," त्यांनी हात सोडला. "म्हणजे तुम्ही शूर आहात असे नव्हे. तुमचा खांदा कधी निखळलेला नाही, एवढेच. त्याला काही माहीतच नाही, तर तो कशाला भिईल? तिच्या खांद्याला माहीत आहे. मी हात नेत असते, सांधा अजून जागेवरच असतो, आणि त्याआधीच तिचे स्नायू घट्ट होतात, चेहरा बदलतो. आता पुढे धोका आहे, हे शरीर ओळखते. तेच मी लिहिले."

"म्हणजे तिला भीती वाटते की कळते?"

बाईंनी माझ्याकडे पाहिले. "तुम्ही शब्दांचा माणूस दिसता. मी हाडांची. माझ्याकडे ही दोन्ही एकाच क्षणी येतात. वेगळी करून मला नाही दाखवता येणार. एक नक्की सांगते. ज्यांना भीती वाटायला हवी आणि वाटत नाही, त्यांचे खांदे पुन्हा निखळतात. ही मुलगी सांभाळून खेळेल. खाली बसून घोटा धरू दे तिला. साखळीत कोणी तिचा हात ताणायचा नाही. आणि दुखले तर त्या क्षणी बाहेर."

बाहेर हर्षदचा हॉर्न वाजत होता. मी शटरखालून निघालो तेव्हा डोके आपटले, आणि मला ते कळलेसुद्धा नाही.

लोधिवलीच्या मैदानावर मॅट अंथरलेली होती. लाकडी गॅलरी अर्धी भरली होती. टेबलाजवळ मी खेळाडूंची यादी भरायला बसलो. अकरा नावे लिहिली. मामांनी बारावे नाव सांगितलेच नव्हते. माझे पेन बाराव्या रेघेवर थांबले. मग मी लिहिले : जना पदू. हे लिहिण्यासाठी मी कोणाची परवानगी घेतली नाही. यादी पंचांच्या हातात दिली, आणि लगेच मामांकडे जाऊन ते सांगितलेही. कारण लपवलेली चांगली गोष्ट माझ्याच्याने पचली नसती.

"नाव हाय तं यादीत राहू दे," मामा माझ्याकडे न पाहता म्हणाले. "मैदानात नाय. डागतरनीकडं पळत गेलतास म्हनं. मला इचारून गेलास?"

"मामा, त्या शब्दाचा अर्थ..."

"आता अर्थ नको सांगू. दुपारी सांगितलास तेवढा पुरं."

सामना सुरू झाला. समोरचा संघ खोपोलीकडचा. त्यांची चढाईपटू सुरभी ही कर्जतच्या कॉलेजात आमच्या मुलींच्याच वर्गात शिकणारी. उंच, लांब पायांची, आणि हसतमुख, त्यामुळे अधिकच धोक्याची. ती पहिल्याच चढाईत आमच्या डाव्या कोपऱ्याकडे वळली आणि नंदाला पायाने शिवून परत गेली. दुसऱ्या वेळी हाताने. तिसऱ्या वेळी नंदा घाईने झेपावली आणि नुसत्या हवेला मिठी मारून पडली. मध्यंतराला आम्ही अकरा, त्या सतरा.

जना माझ्याशेजारी, पाण्याच्या पिशवीपलीकडे बसली होती. तिच्या खांद्यावर निळी पट्टी होती. ती तिने टेंपोतच नम्रताकडून बांधून घेतली होती, कोणी काही म्हटले नसताना. ती सामना पाहत नव्हती; ती फक्त सुरभीच्या टाचा पाहत होती.

"उजवी टाच उचलली का ती जानार," ती पुटपुटली. "डावी उचलली का फसवनार."

मी पाहू लागलो. उजवी. सुरभी गेली, गुण घेतला. डावी. हुलकावणी. उजवी. पुन्हा गुण. माझ्या अंगावर काटा आला.

नऊ मिनिटे उरली होती. आम्ही पंधरा, त्या बावीस. मामांनी वेळ मागितला. तीस सेकंद. मुली धापा टाकत जवळ आल्या. मामांनी नंदाकडे पाहिले, जनाकडे पाहिले, आणि मग माझ्याकडे.

"बोल. काय म्हनाली डागतरीन? झटक्यात बोल."

सगळे माझ्याकडे पाहत होते. सात मुली, राखीव खेळाडू, गॅलरीच्या पहिल्या रांगेतले लोक. वाक्य नेहमीसारखे घशात परत निघाले. मी त्याला धरले.

"मामा, ही भीती मनातली नाही, खांद्यातली आहे. एकदा निखळला म्हणून धोका कुठे आहे ते त्याला आधीच कळते. भित्रा तो नाही, शहाणा झालाय."

"म्हंजी दुधानं तोंड भाजलं, आता ताक बी फुंकनार."

"फुंकू दे! पण ताक प्यायचे ती सोडत नाही ना? खाली बसून घोटा धरेल. साखळी नाही. नम्रता, हिचा हात धरायचा नाही, कितीही सवय असली तरी."

"वीस सेकंद," पंच म्हणाले.

मामा जनाकडे वळले. "काय गं? भ्या वाटतं का नाय? खरं बोल."

"वाटतं," जना म्हणाली.

"आनी?"

"आनी सुरभी उजव्या टाचेवर जाते."

मामांनी एक क्षण डोळे मिटले. मग पंचांकडे हात केला. "बदली! नंदा भायेर. जना आत."

सुरभी पुढच्याच चढाईला आली. नंदाने दुपारी टेंपोतून मोबाइलवर स्टेटस ठेवले होते, 'आमची जनी भीती पॉझिटिव्ह', आणि सुरभीने ते पाहिले होते, तिच्या मैत्रिणींनीही पाहिले असावे, कारण गॅलरीतून आरोळी उठली, "पॉझिटिव्ह! पॉझिटिव्ह!" सुरभीने हसत आपला हात जनाच्या डोक्यावर उंच नाचवला, तिचा हात वर यावा म्हणून. जनाचा देह एकदम आकसला, मागे गेला. उघड उघड दचकला. सुरभीने सहज पाऊल टाकून तिला शिवले आणि परतली. जना बाद.

मामा माझ्याकडे वळलेसुद्धा नाहीत. त्यांची मान मात्र बोलत होती.

मी तुम्हाला खोटे सांगणार नाही, त्या वेळी मलाही वाटले, की मी एका मुलीला मैदानात ढकलले आहे. तिचा खांदा निखळला, तर तो माझ्या वाक्यांनी निखळलेला असेल. दुपारी एक ओळ गिळली म्हणून ती बाहेर बसली होती, आणि आता चार ओळी बोललो म्हणून ती आत होती. तिला जसे भ्या वाटत होते, तसेच आता मलाही वाटले. आता पुढे काय आहे, हे मला दिसत होते.

प्रियाने दोन गुण आणले. बाद झालेल्यांपैकी आधी नम्रता परत आली, मग जना. आणि मग खेळ फिरला. त्यांची दुसरी चढाईपटू आत आली; जना खाली बसलेलीच होती, आणि तिचा हात जमिनीवरून सरपटत गेल्यासारखा गेला. घोटा. नम्रता आणि प्रिया वर कोसळल्या. गुण! मी बाटली उलटी धरली होती, पाणी माझ्याच पायांवर सांडत होते. वीस-तेवीस. बावीस-चोवीस. नंदा, तीच नंदा, बाकड्यावर उभी राहून घसा फोडत होती, "जने, टाच बघ! टाच बघ गं!" पंचवीस-सव्वीस. सव्वीस-सत्तावीस.

शेवटचे मिनिट. आमच्या तिघीच उरल्या होत्या : नम्रता, प्रिया, जना. त्या एका गुणाने पुढे. नुसता वेळ काढला तरी त्या जिंकल्या असत्या. पण त्यांच्या आधीच्या दोन चढाया रिकाम्या गेल्या होत्या, आणि नियम असा, की तिसऱ्या चढाईत गुण आणला नाही तर चढाई करणारीच बाद. तिसरी चढाई, आणि सामन्यातली शेवटचीच. सुरभी निघाली. तिघीच बचावात असताना पकड झाली, तर तिला अव्वल पकड म्हणतात आणि तिचे दोन गुण मिळतात. हे मैदानातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. गॅलरी उभी राहिली.

सुरभी सरळ जनाकडे आली. का येणार नाही? एकदा दचकलेली मुलगी पुन्हा दचकणार, हा तिचा हिशेब अगदी बरोबर होता. तिने हात उंच केला. सवयीने नम्रताचा हात साखळीसाठी जनाकडे झेपावला. जनाने तो घेतला नाही. सुरभीचा हात खाली येऊ लागला. मला तिची उजवी टाच उचललेली दिसली.

आणि जना दचकली.

हे मी शपथेवर सांगतो. ती हुलकावणी नव्हती. मी तिचा चेहरा पाहिला. तो पांढरा पडला होता. तिचा खांदा त्या वर आलेल्या हातापासून लांब पळाला, त्याच्यामागे मान, त्याच्यामागे पाठ, आणि सगळा देह मागे न जाता खाली गेला, एखादे जनावर झुडपात दबावे तसा. खाली सुरभीचा पाय होता. जनाच्या दोन्ही हातांनी तो धरला. भीती कुठे संपली आणि पकड कुठे सुरू झाली, हे मी आजही सांगू शकत नाही. त्यांच्यामध्ये जागाच नव्हती.

सुरभी मध्यरेषेकडे पडली. तिचे बोट रेषेपासून वीतभर लांब. नम्रता कमरेवर, प्रिया पाठीवर. ढिगाऱ्यातून सुरभीचा 'कबड्डी, कबड्डी' बारीक होत गेला, आणि तुटला. शिट्टी.

अठ्ठावीस-सत्तावीस!

मला आवाज ऐकू येत नव्हते. मी धावत होतो, आणि धावताना फक्त एक निळी पट्टी शोधत होतो. नम्रता उठली. प्रिया उठली, नाचू लागली. सुरभी उठायचा प्रयत्न करत होती, पण तिला उठता येत नव्हते, कारण जना अजून घोटा धरून होती.

"सोड गं बाई," सुरभी म्हणाली. "झाला सामना. पाय का घरी नेनार हायेस?"

"जना!" मी ओरडलो. "खांदा? खांदा कसा आहे?"

तिने डोके वर केले. तोंडाला घाम आणि केस चिकटलेले. "जाग्यावर हाय," ती म्हणाली, आणि मग कुठे तिची बोटे सुटली.

पुढची दहा मिनिटे कोणाला कोणी मिठी मारली ते मला सांगता येणार नाही. भिवाजीमामांनी मला मारली, एवढे आठवते. त्यांच्या शर्टाला तंबाखूचा वास होता. "दुपारीच नीट वाचला असतास," ते माझ्या कानात म्हणाले, "तर पोरीला भायेर बसवली नसती रं."

मग निवड समितीच्या बाई आल्या. पन्नाशीच्या, पांढरी कॅप घातलेल्या. एके काळी स्वतः कोपऱ्यावर खेळलेल्या, असे कोणीतरी कुजबुजले. त्यांनी जनाला समोर उभे केले.

"पहिल्या वेळी तू सुरभीला घाबरून मागे सरलीस."

"व्हय, म्याडम."

"आणि शेवटी? शेवटी घाबरल्याचे सोंग केलेस ना? फार छान केलेस."

एक 'हो' पुरला असता. मी मनात म्हणत होतो, म्हण हो, जना, कोणाचे काय जाते? माझ्या ओठांवर तिच्या वतीने ते आलेही होते.

"सोंग नाय, म्याडम," जना म्हणाली. "दोनी येळंला भ्यालू. पैल्यांदा कुठं जायाचं ते ठावं नवतं. दुसऱ्यांदा ठावं व्हतं."

बाईंनी जनाचा डावा हात दोन्ही हातांत घेतला, हळूच खांद्याच्या रेषेपर्यंत उचलला, आणि तिथेच थांबवला. जनाचा जबडा घट्ट झाला. बाईंनी ते पाहिले, आणि हात जसा उचलला होता तसाच सांभाळून खाली आणला.

"चौदा मुली जिल्ह्याच्या शिबिराला घेतो आम्ही," त्या म्हणाल्या. "तुझे नाव चौदावे लिहिते. राखीव. पण शिबिराआधी आमचे डॉक्टर हा खांदा पुन्हा तपासतील. हात वर मागे नेऊन बघतील. चालेल?"

"चालंल," जना म्हणाली, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच मोठ्याने हसली. "बघू दे त्यांना. मी पुन्ना भियीन."